‘अद्याप ठाऊक नाहीं’ ह्या उत्तरास गुण किती द्यावे ?

गेल्या सहामाही परीक्षेंत इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपाशीत असतां एक उत्तर आमच्या हातीं आलें. प्रश्न साधा होता : अणु ज्या मूलकणांचा बनलेला असतो त्यांचीं नांवें लिहा. गुण तीन. बहुतेक सर्व वर्गानें इलेक्ट्रॉन, प्रोटॉन व न्यूट्रॉन हीं तीन नांवें लिहून तीन गुण पदरांत पाडून घेतले होते. एका मुलीनें मात्र असें लिहिलें होतें कीं, इलेक्ट्रॉन हा आजच्या समजुतीप्रमाणें मूलकण आहे. प्रोटॉन व न्यूट्रॉन हे मूलकण नव्हत, कारण ते क्वार्क नांवाच्या कणांचे बनलेले आहेत. आणि इलेक्ट्रॉन व क्वार्क ह्यांच्या पोटांत आणखी कांहीं दडलें आहे कीं काय, हें अद्याप कोणासच ठाऊक नाहीं. आम्ही घाईंत होतों. नमुन्याचें उत्तर समोर होतें. एक गुण देऊन व दोन ठिकाणीं तांबडी रेघ ओढून आम्ही पुढील प्रश्नाकडे वळलों.

पालकभेटीच्या दिवशीं त्या मुलीचे वडील शाळेंत आले. कापलेल्या दोन गुणांविषयीं तक्रार असेल असें समजून आम्ही मनांत उत्तराची जुळवाजुळव करूं लागलों होतों. पण त्यांचें म्हणणें निराळेंच निघालें. ते म्हणाले, “सर, तिला तुम्हीच जरा समजावून सांगा. पेपरांत पुस्तकांत आहे तेंच लिहायचें. पुढच्या वर्षानंतर बोर्डाची परीक्षा आहे. बाहेरचें वाचन काय, मागाहून करतां येईल.” आम्हीं मान डोलाविली. मुलगी शेजारीं उभी होती. तिनें हळूच विचारलें, “पण सर, माझें उत्तर चुकलें होतें का ?” आम्ही म्हणालों, “चुकलें नव्हतें, पण...” ह्या ‘पण’च्या पुढें काय बोलावें हें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं, आणि घरीं गेल्यावरही बरेच दिवस सुचलें नाहीं. प्रस्तुत लेख त्या ‘पण’पायीं लिहावा लागत आहे.

आमचें आजचें मत असें आहे कीं, त्या वर्गांत सर्वांत शुद्ध उत्तर त्या मुलीचें होतें, आणि त्यांतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे शेवटचें वाक्य होय. जें ठाऊक आहे तें शिकविणें हें शाळेचें काम आहे, ह्याविषयीं कोणाचें दुमत नाहीं. परंतु जें ठाऊक नाहीं तेंही, तें कोठें सुरू होतें, केव्हांपासून अडून राहिलें आहे व कां अडलें आहे ह्यासह शिकविलें पाहिजे. तसें न केल्यास मुलांच्या हातीं विज्ञान पडत नाहीं, विज्ञानाचा एक जुना फोटो पडतो.

त्या फोटोचाच इतिहास पाहा. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन ह्यांनीं १८९७ सालीं केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत लाविला. अणूच्या मध्यभागीं एक अत्यंत लहान व जड केंद्रक आहे, ही गोष्ट रदरफर्ड ह्यांनीं १९११ सालीं मांडली. न्यूट्रॉन चॅडविक ह्यांना १९३२ सालीं त्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत सांपडला. म्हणजे ‘तीन मूलकण’ हें उत्तर १९३२ पूर्वीं अपुरें होतें. पुढें १९६४ सालीं मरे गेल-मान व जॉर्ज झ्वाइग ह्या दोघांनीं स्वतंत्रपणें असा तर्क मांडला कीं, प्रोटॉन व न्यूट्रॉन हे आणखी लहान कणांचे बनलेले असावेत. १९६७ पासून अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें सुमारें तीन किलोमीटर लांबीच्या यंत्रांतून वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळविण्यांत आले, तेव्हां ते आंतील कठीण बिंदूंवर आपटून परतावेत तसे परतूं लागले. त्या कामास १९९० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे आम्हीं ज्या नमुन्याच्या उत्तराच्या आधारें तांबडी रेघ ओढली, त्याचें आयुष्य पुरतें चाळीस वर्षांचेंही नव्हतें, आणि तें संपून अर्धशतक लोटलें होतें !

आज हिशेब असा आहे : क्वार्क सहा प्रकारचे, इलेक्ट्रॉन व त्याचे भाऊबंद मिळून आणखी सहा, आणि ह्या सर्वांवर चालणारीं बलें चार. त्यांपैकीं गुरुत्वबल सर्वांच्या परिचयाचें, तरी सर्वांत दुबळें. टांचणी उचलणारा लहानसा लोहचुंबक सबंध पृथ्वीच्या ओढीवर मात करितो, हें मुलांनीं घरीं करून पाहावें. विद्युत्चुंबकीय बलानें अणु व रेणु बांधले जातात. तीव्र बल क्वार्कांस प्रोटॉनमध्यें जखडून ठेवितें. राहिलें क्षीण बल. त्याचें काम पुढें दिसेल. ह्या साऱ्या मांडणीस ‘स्टँडर्ड मॉडेल’ असें नांव आहे, आणि तीत गुरुत्वबलास अद्याप जागा मिळालेली नाहीं. २०१२ सालच्या ४ जुलै रोजीं जिनीव्हाजवळील सर्न ह्या संस्थेनें ज्या हिग्ज बोसॉनची वार्ता जाहीर केली, तो ह्या मांडणींतील शेवटचा न सांपडलेला कण होता. (‘बोसॉन’ ह्या नांवांत आपले सत्येंद्रनाथ बोस आहेत, हें मुलांनीं लक्षांत ठेवावें.) त्या वेळीं वर्तमानपत्रांनीं सांगितलें कीं, सर्व पदार्थांस वस्तुमान ह्या कणामुळें येतें. तें तितकेंसें खरें नव्हे. हिग्जच्या क्षेत्रामुळें क्वार्कांस जें वस्तुमान लाभतें त्याची बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या सुमारें एक टक्काच भरते; उरलेलें सारें आंतील बंधनाच्या व हालचालीच्या ऊर्जेचें आहे. पन्नास किलो वजनाच्या विद्यार्थ्यांत क्वार्कांचें असें वजन अर्धा किलो, बाकीची निव्वळ ऊर्जा ! वर्गांत ही गोष्ट सांगितली कीं शेवटच्या बांकावरील मुलेंही जागीं होतात, असा आमचा अनुभव आहे.

परंतु ‘ठाऊक नाहीं’ ह्या उत्तराचें मोल ज्यास जाणून घ्यावयाचें असेल, त्यानें न्यूट्रिनो ह्या कणाची हकीकत ऐकावी. ती आम्ही थोडी विस्तारानें सांगतों.

कांहीं किरणोत्सर्गी अणूंच्या केंद्रकांतून इलेक्ट्रॉन बाहेर फेंकला जातो. ह्यासच बीटा किरण म्हणतात. केंद्रकाची आरंभीची ऊर्जा ठाऊक, शेवटची ठाऊक. तेव्हां इलेक्ट्रॉननें त्या दोहोंतील फरक प्रत्येक वेळीं जसाच्या तसा घेऊन निघावयास हवें. पण १९१४ सालीं चॅडविक ह्यांना असें दिसलें कीं, तो कधीं पुष्कळ ऊर्जा घेऊन निघतो, कधीं थोडी. म्हणजे रोजकीर्दींत जमा बरोबर, खर्च बरोबर, आणि शिल्लक मात्र दररोज निराळ्या रकमेनें कमी ! दुकानांतील दिवाणजीनें अशा वेळीं दोनच गोष्टी कराव्या : फरक किरकोळ खात्यांत टाकून वही मिटावी, किंवा कोणीतरी गल्ल्यांतून पैसे नेत आहे असें मानून त्याचा शोध घ्यावा. नील्स बोर ह्यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञ तिसरी वाट धरण्यास तयार झाला. केंद्रकाच्या आंत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच कदाचित् लागू नसेल, असें तो म्हणूं लागला.

१९३० सालच्या ४ डिसेंबर रोजीं वुल्फगांग पाउली ह्या तीस वर्षांच्या प्राध्यापकानें ट्यूबिंगन येथें भरलेल्या सभेस एक पत्र लिहिलें. झुरिक येथील एका नृत्यसमारंभामुळें त्यास स्वतः सभेस जातां येत नव्हतें. पत्रांत त्यानें सुचविलें कीं, इलेक्ट्रॉनबरोबर विद्युत्भार नसलेला, अत्यंत हलका असा एक अदृश्य कण बाहेर पडत असावा, व उरलेली ऊर्जा तोच घेऊन जात असावा. हा उपाय निरुपायानें सुचविलेला आहे, हेंही त्यानें लपविलें नाहीं. जो कण पकडतां येण्याची आशा नाहीं असा कण आपण कल्पिला, ह्याची त्यास टोंचणी होती. तो तर्क छापण्याचें धाडस त्यानें बराच काळ केलें नाहीं. एन्रिको फर्मी ह्यांनीं त्या कल्पनेवर गणिताची इमारत उभारली व कणास न्यूट्रिनो हें नांव रूढ केलें. अणुकेंद्रकांत हा फेरबदल घडवून आणणारें तें क्षीण बल होय.

न्यूट्रिनो पकडणें कठीण कां, हें एका आंकड्यावरून कळेल. सूर्याकडून येणारे सुमारें सहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदास आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेंतून आरपार जातात, आणि नखास त्याचा पत्ताही नसतो. रात्रीं ते पृथ्वी भेदून पायांकडून येतात. अखेर १९५६ सालीं रेनिस व कावन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं एका अणुभट्टीजवळ ते ओळखले व पाउलीस तार केली. पत्रापासून तारेपर्यंत सव्वीस वर्षें लोटलीं होतीं. ह्या सव्वीस वर्षांत ‘न्यूट्रिनो आहे काय ?’ ह्या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर ‘असावा, पाहिलेला नाहीं’ एवढेंच होतें, आणि असें उत्तर देणाऱ्याचे गुण कापले गेले असते तर तो अन्याय झाला असता.

ह्या हकीकतींत आपल्या देशाचाही वाटा आहे, आणि तो आमच्या मुलांस फारसा ठाऊक नसतो. वातावरणांत उत्पन्न होणारे न्यूट्रिनो पाहावयाचे तर इतर सर्व कण अडविण्यास डोक्यावर पुष्कळ खडक हवा. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानांतील ओसाका व इंग्लंडांतील डरहॅम येथील संशोधक ह्यांनीं मिळून कोलारच्या सोन्याच्या खाणींत सुमारें २३०० मीटर खोल आपलीं उपकरणें मांडलीं, आणि १९६५ सालीं अशा न्यूट्रिनोंच्या खुणा त्यांना मिळाल्या. त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंतील एका सोन्याच्या खाणींत रेनिस ह्यांच्या मंडळींसही त्या मिळाल्या. कोलारची ती खाण २००१ सालीं बंद झाली. जेथें शेंकडों मजूर सोनें काढीत होते, तेथेंच कांहीं लोक, ज्याचा कोणास पैभर उपयोग नाहीं असा कण मोजीत बसले होते, हें चित्र आम्हांस फार आवडतें.

खरी कसोटी पुढेंच लागली. अमेरिकेंत साउथ डकोटा संस्थानांत होमस्टेक नांवाची आणखी एक सोन्याची खाण. तेथें रे डेव्हिस ह्या रसायनशास्त्रज्ञानें जवळजवळ चार लाख लिटर द्रवाची टांकी भरली. द्रव कोणता, तर कपडे धुलाईवाले वापरतात तोच ! सूर्याकडील न्यूट्रिनो त्यांतील क्लोरीनच्या अणूवर आदळला कीं त्याचा आर्गॉन होतो. कांहीं आठवड्यांनीं ह्या अफाट टांकींतून आर्गॉनचे मोजके अणु वेंचून काढावयाचे, असा तो उद्योग. किती अणु मिळावेत ह्याचें गणित जॉन बाकॉल ह्यांनीं केलें होतें. मिळाले मात्र एक तृतीयांशच. पुन्हा रोजकीर्द चुकली ! कोणी म्हणे, डेव्हिसची मोजणी चुकली. कोणी म्हणे, बाकॉलला सूर्याचें अंतरंग कळलें नाहीं. दोघांनींही आपापलें काम पुनःपुन्हा तपासलें, फरक हटेना. ह्या स्थितींत सुमारें तीस वर्षें गेलीं. डेव्हिसनें आपला आंकडा ओढूनताणून गणिताजवळ नेला नाहीं, कीं बाकॉलनें आपलें गणित आंकड्यास जुळेल असें वांकविलें नाहीं. आमच्या प्रयोगशाळेंत प्रयोगवहीवर उत्तर आधीं लिहून मग वाचनें भरणारे जे विद्यार्थी आहेत (ते कोण हें आम्हांस ठाऊक आहे), त्यांनीं हा मजकूर दोनदां वाचावा.

१९९८ सालीं जपानांतील सुपर-कामिओकांडे येथें, व २००१ आणि २००२ सालीं कानडांतील सडबरी येथील निकेलच्या खाणींत, ह्या कोड्याचा उलगडा झाला. न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात, व प्रवासांत ते एका प्रकारांतून दुसऱ्यांत पालटतात. डेव्हिसची टांकी एकाच प्रकारास ओळखीत होती. तिन्ही प्रकार मोजतांच बाकॉलचें गणित जुळलें. दोघेही बरोबर होते ! चुकलेलें होतें तें पुस्तक. कारण न्यूट्रिनोस वस्तुमान मुळींच नाहीं असें मूळच्या स्टँडर्ड मॉडेलमध्यें धरलेलें होतें, आणि वस्तुमान नसेल तर असें पालटणें घडत नाहीं. डेव्हिस ह्यांना २००२ सालीं वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालें. न्यूट्रिनोचें वस्तुमान नेमकें किती, हें अद्याप ठाऊक नाहीं. जर्मनींतील कार्ल्सरूह येथील मोजणीनें २०२५ सालीं एवढेंच सांगितलें कीं, तो इलेक्ट्रॉनहून दहा लाख पटींपेक्षांही अधिक हलका आहे.

ह्यावर एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल कीं, तर मग जेथें जेथें हिशेब चुकेल तेथें तेथें नवा कण आहे असें समजावें. तसें मुळींच नाहीं. २०११ सालीं सर्नहून निघून ७३० किलोमीटरवरील इटालींतील ग्रान सासो येथें पोंचणारे न्यूट्रिनो प्रकाशाहूनही अधिक वेगानें, म्हणजे सेकंदाच्या दहा कोटी भागांपैकीं सुमारें सहा भागांइतके आधीं, येत आहेत असें एका संशोधक गटास आढळलें. ‘आम्हांस ह्यांतील चूक सांपडत नाहीं, तुम्ही शोधा’, अशा अर्थाची विनंती त्यांनीं इतरांस केली. त्या आठवड्यांत आमच्या शिक्षकांच्या खोलींत आइन्स्टाइनसाहेबांस निरोपही देऊन झाला होता. पुढील वर्षीं कळलें कीं, घड्याळाकडे जाणाऱ्या एका प्रकाशवाहक तारेचा सांधा सैल होता. तात्पर्य, फरक खरा कीं सांधा सैल, हें आधीं सांगतां येत नाहीं. तपासण्याची चिकाटी मात्र दोन्ही ठिकाणीं सारखीच लागते.

आतां आमच्या मंडळींतील वडीलधाऱ्यांशीं दोन शब्द. हिग्जच्या कणास वर्तमानपत्रांनीं ‘देवकण’ हें नांव दिलें. लीऑन लेडरमन ह्या शास्त्रज्ञाच्या १९९३ सालच्या पुस्तकाच्या नांवावरून तें पसरलें. स्वतः पीटर हिग्ज निरीश्वरवादी होते, व त्यांना तें नांव रुचत नसे. आम्ही श्रद्धावान आहों, आणि आम्हांसही तें रुचत नाहीं. पण त्याहून अधिक खटकतो तो एक युक्तिवाद, जो उपासनेनंतर मंदिराच्या आवारांत आम्हांस अनेकदां ऐकावा लागतो : पाहा, शास्त्रज्ञांस विश्वाचा पंचाण्णव टक्के भाग कळलेला नाहीं, तेव्हां तेथें देव आहे. हें बोलणाऱ्यांचा हेतु चांगला असतो. पण त्यांनीं असा विचार करावा कीं, १९३० सालीं बीटा किरणांतील हरवलेली ऊर्जा देवानें नेली असें आपल्या पूर्वजांनीं मानलें असतें, तर १९५६ सालच्या त्या तारेनें देवास तेथून बाहेर काढलें असतें. ज्ञानाच्या घरांतील रिकाम्या खोल्यांत ईश्वरास बिऱ्हाड करून द्यावें, आणि नवा शोध आला कीं त्यास खोली खालीं करावयास लावावी, ही कसली भक्ति ? जो निर्माणकर्ता आहे तो कळलेल्या पांच टक्क्यांचाही निर्माणकर्ता आहे.

बेल्जममधील जॉर्ज लमेत्र हे रोमन कॅथॉलिक धर्मगुरु होते, आणि विश्व प्रसरण पावत आहे हा सिद्धांत मांडणाऱ्या पहिल्यांपैकीं एक होते. त्यांचा तो निबंध १९२७ सालचा. १९५१ सालीं पोप पायस बारावे ह्यांनीं आपल्या भाषणांत नव्या विश्वविज्ञानाची सांगड उत्पत्तीच्या शिकवणीशीं घातली, तेव्हां आनंद होण्याऐवजीं लमेत्र ह्यांना काळजीच वाटली. आपला सिद्धांत उद्यां चुकीचा ठरूं शकेल, त्यावर विश्वासाचा खांब उभा करूं नये, असें त्यांचें धोरण होतें. आणि ज्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत इलेक्ट्रॉन व न्यूट्रॉन हे दोन्ही सांपडले, तिच्या जुन्या इमारतीच्या दरवाजावर स्तोत्रसंहितेच्या १११ व्या स्तोत्रांतील एक वचन लॅटिन भाषेंत कोरलेलें आहे. जिज्ञासूंनीं तें पवित्र शास्त्रांत काढून पाहावें. प्रभूच्या कृत्यांचा शोध करणाऱ्यांविषयीं तें आहे. तेथें शोधास अडसर नाहीं, उलट दारावरच आमंत्रण आहे, असें आम्ही समजतों.

पंचाण्णव टक्क्यांविषयीं थोडेंसें सांगितलें पाहिजे. ज्या द्रव्याचे तारे, डोंगर व आपण बनलों आहों, तें विश्वांतील एकंदर ऊर्जेच्या सुमारें पांच टक्के आहे. सुमारें सत्तावीस टक्के भाग अशा द्रव्याचा आहे कीं जें दिसत नाहीं, पण ज्याच्या ओढीमुळें दीर्घिकांचे बाहेरील तारे अपेक्षेहून वेगानें फिरतात. व्हेरा रूबिन ह्या विदुषीनें १९७० नंतरच्या दशकांत हें मोजून दाखविलें. तें द्रव्य कशाचें आहे, हें ठाऊक नाहीं. उरलेल्या अडुसष्ट टक्क्यांमुळें विश्वाचें प्रसरण वाढत्या वेगानें होत आहे. तें काय आहे, हें तर त्याहूनही कमी ठाऊक आहे. विश्वाच्या आरंभीं द्रव्य व प्रतिद्रव्य समसमान असावयास हवें होतें, आणि तसें असतें तर दोन्ही एकमेकांस नाहींसें करून केवळ प्रकाश उरला असता. द्रव्य थोडें शिल्लक कां राहिलें ? म्हणजे आपण कां आहों ? हाही हिशेब लागलेला नाहीं. गुरुत्वबलाचा इतर बलांशीं मेळ बसत नाहीं हें वर आलेंच आहे. गुरुत्वलहरी २०१५ सालीं अमेरिकेंत प्रथम पकडल्या गेल्या, आणि तशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यांत औंढ्याजवळ उभारण्यास केंद्र मंत्रिमंडळानें २०२३ सालीं मंजुरी दिली. म्हणजे आज नववींत बसलेल्या एखाद्या मुलास ह्या प्रश्नांवर काम करावयाचें झाल्यास परमुलुख गांठावा लागेलच असें नाहीं.

आतां त्या वडिलांकडे वळूं. त्यांस आम्ही मूर्ख समजत नाहीं. बोर्डाच्या परीक्षकासमोर शेंकडों उत्तरपत्रिका असतात, वेळ थोडा असतो व नमुन्याचें उत्तर छापील असतें. आम्हीही तसेच वागलों हें वर कबूल केलेंच आहे. एका गुणानें प्रवेश हुकतो, आणि ज्या घरांत मुलीच्या शिक्षणासाठीं कर्ज काढलें जातें तेथें ही गोष्ट लहान नाहीं. म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस असें सांगतों कीं, परीक्षेंत आधीं पुस्तकांतील तीन नांवें लिहा, आणि त्याखालीं आपल्यास अधिक जें ठाऊक आहे तें एका ओळींत लिहा. ही तडजोड आहे, व ती आम्हांस फारशी अभिमानास्पद वाटत नाहीं. पण ‘बाहेरचें वाचन मागाहून’ हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. चवदाव्या वर्षीं जो प्रश्न गिळावयास लावला, तो चोविसाव्या वर्षीं परत येत नाहीं. शिवाय त्या दिवशीं आमच्या होकारामुळें ती मुलगी काय शिकली ? शाळा ही खरें ठाऊक असतांही तें न लिहिण्याची जागा आहे, एवढेंच ना ? ही शिकवण तिला आम्हीं दिली, तिच्या वडिलांनीं नव्हे.

मुख्याध्यापकांच्या परवानगीनें आम्हीं तिचे दोन गुण तिला परत दिले. त्यामुळें तिचा वर्गांतील क्रमांक बदलला नाहीं. तिनें आभार मानले नाहींत, तें योग्यच झालें; गुण तिचेच होते. दुसऱ्या दिवशीं तिनें आमच्या हातीं एक चिठ्ठी दिली : ‘न्यूट्रिनो व त्याचा प्रतिकण हे निरनिराळे आहेत, कीं एकच ?’ आम्हीं तिला सांगितलें कीं, हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि पृथ्वीवर कोणासही ठाऊक नाहीं. अनेक देशांत जमिनीखालीं ह्यासाठीं प्रयोग चालले आहेत. त्या वेळीं तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो तीनपैकीं तीन गुण घेणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर आम्हीं क्वचितच पाहिला आहे.

तेव्हांपासून प्रयोगशाळेच्या दाराशीं आम्हीं एक लहान फळा टांगला आहे. त्यावर ज्याचें उत्तर कोणासच ठाऊक नाहीं असाच प्रश्न लिहावयाचा. तो कोणत्या सालापासून अडला आहे व कोठपर्यंत उलगडला आहे, हें प्रश्नाखालीं लिहिल्याशिवाय तो ठेवावयाचा नाहीं. पहिला प्रश्न त्या चिठ्ठींतलाच आहे. दोन प्रश्न आम्हांस पुसावे लागले, कारण त्यांचीं उत्तरें ठाऊक होतीं, फक्त आम्हांस नव्हतीं. येत्या वर्षापासून आमच्या घटक चांचणींत ह्या फळ्यावरील एक प्रश्न दोन गुणांसाठीं राहील, व गुण उत्तरास नव्हे, तर आपल्याला कोठपर्यंत ठाऊक आहे हें नेमकें सांगण्यास दिले जातील. पुढील पालकभेटीच्या दिवशीं पालकांनींही तो फळा अवश्य पाहावा. तो दारांतून आंत येतांना डाव्या हातास आहे, आणि खडू खालच्या पट्टीवर ठेविलेला असतो.